कप्तान इतुर्गोयेन यांची विनवणी

शाळा सुटली होती. मी फळा पुसत होते. कप्तान बाल्तासार इतुर्गोयेन दारात उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. तोवर मी त्यांना फक्त चर्चमध्ये टोपी काढताना पाहिलं होतं.

"बाई, तुम्ही साहित्य शिकलात ना?"

"हो."

"मग सांगा, एखाद्याच्या दारात जाऊन काही मागायचं तर कसं मागतात?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. "काय मागायचंय?"

"माणसं," ते म्हणाले. "साठेक. आणि बैलांच्या सहा जोड्या."

त्यांना घर हलवायचं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या भूकंपात आमच्या तेल्केन बेटाचा किनारा खचला. कप्तानांच्या घरापासून दोनशे पावलांवर असलेला समुद्र पायरीपर्यंत आला. मोठ्या भरतीला त्यांची कोंबडी जिन्यावर चढून बसायची. खालची तुळई भिजून काळी पडली होती. येता हिवाळा हे घर काढत नाही, असं सगळेच म्हणत. कप्तानांच्या पत्नी रोसाल्बाकाकू छातीच्या दुखण्याने आजारी होत्या. त्यांचं एकच मागणं होतं. घर समोरच्या पिल्मो बेटावर न्यायचं. त्या मूळच्या तिथल्या. त्यांची बहीण तिथे होती.

आमच्या चिलोएच्या बेटांवर घर हलवायचं म्हणजे मोडायचं नाही. अख्खं घर बैलांनी ओढून किनाऱ्यावर आणायचं, भरतीवर तरंगवायचं, बोटींनी पलीकडे न्यायचं. याला मिंगा म्हणतात. मिंगाला मजुरी नसते. घरधन्याने स्वतः दारोदार जाऊन विनवणी करायची आणि त्या दिवशी पोटभर जेवू घालायचं. पुढे दुसऱ्याने हाक मारली की आपण जायचं. विनवणीला कोणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. कोण आलं ते त्या दिवशीच कळतं.

माणसं नाही आली तर दुसरी सोयही तयार होती. कप्तानांचे थोरले भाऊ होआकीन यांचं सान्तियागोहून पत्र आलं होतं. बागेकडची खोली रिकामी आहे, दोघांनी कायमचं यावं. काकूंनी ते पत्र वाचलं आणि चुलीत घातलं.

"मी त्या घरात एकदा जेवलेय," त्या म्हणाल्या. "परत जायची नाही. इथेच बुडेन."

मी कप्तानांना विनवणीचा एक उतारा लिहून दिला. छान उतारा होता. त्यात समुद्र होता, शेजारधर्म होता, आयुष्याची संध्याकाळ होती. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे," ते म्हणाले. "आणि हे मला येत नाही."

ते खरं होतं. त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

ते कोल्चाग्वातल्या मोठ्या जमीनदार घराण्यातले. वडील सिनेटर, आजोबा सिनेटर. थोरल्याला जमीन आणि धाकट्याला समुद्र, अशी त्या घराची वाटणी. धाकट्या बाल्तासारला चौदाव्या वर्षी आरमारात घातलं. पंचविसाव्या वर्षी ते नकाशे काढायला आमच्या खाड्यांत आले. शिशाचा गोळा दोरीने पाण्यात सोडायचा, खोली मोजायची, आकडा लिहायचा, पुढे सरकायचं. अशी सात वर्षं. बरोबरीचे अधिकारी मोठ्या जहाजांवर बढत्या घेत होते. हे खाडीखाडीत दगड शोधत होते. तेल्केन आणि पिल्मोच्या मधल्या पाण्याचा नकाशा आजही त्यांचाच चालतो. त्यावर चाललेली एकही बोट फुटलेली नाही.

त्या कामात पिल्मोचा एक वाटाड्या त्यांच्या बोटीवर होता. त्याची मुलगी रोज बापासाठी भाजलेले बटाटे घेऊन यायची. तीच रोसाल्बा. तिसऱ्या वर्षी त्यांनी लग्न केलं. वडिलांनी दोन वर्षं पत्र लिहिलं नाही. कप्तानांनी दर महिन्याला लिहिलं.

चाळिशीत घराण्याने त्यांना बोलावून घेतलं. संसदेतली घरची जागा रिकामी झाली होती. मतदानाच्या दिवशी शेतावरची कुळं गाड्यांत भरून आणली जात. कप्तानांना भाषणसुद्धा करावं लागलं नाही. दोनदा निवडून आले. तीन वर्षं हुज्जत घालून त्यांनी बेटांसाठी दवाखान्याची बोट मंजूर करून घेतली. आमच्या शाळेतली अकरा मुलं त्या बोटीवर जन्मलीत. बोटीला नाव मात्र दुसऱ्याच कोणाचं आहे. त्यांनी कधी त्याची तक्रार केली नाही.

तिसऱ्या निवडणुकीला ते कुळांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचं मत तुमचं. हवं त्याला द्या." कुळांनी ते दुसऱ्याला दिलं. होआकीन भडकले. "अरे, निदान मला द्या एवढं तरी म्हणायचंस!" कप्तानांना ते सुचलंच नव्हतं. मग दोघं नवराबायको तेल्केनवर आली. काकूंच्या मावशीचं घर इथे रिकामं होतं. मुलगा तोवर आरमारात लागला होता, मुलगी वाल्पाराइसोत नांदत होती.

हे मला तुकड्यातुकड्यांनी समजलं होतं. तरी मला वाटत होतं, अशा माणसाला बेट नाही कशाला म्हणेल?

आम्ही आधी एलेउतेरियो रेमोल्कोय यांच्याकडे गेलो. त्यांच्याकडे बैलांच्या दोन जोड्या. बेटावर घर ओढायचं तर हुकूम त्यांचाच चालतो. ते अंगणात जाळं सांधत बसले होते. उठले नाहीत.

कप्तानांनी टोपी काढली, माझा उतारा काढला. "आदरणीय शेजारी, आयुष्याच्या या संध्याकाळी..."

"बाई," रेमोल्कोय मला म्हणाले, "हे काय वाचताहेत? कोण वारलं?"

कप्तानांनी कागद खिशात घातला. "घर पिल्मोला न्यायचंय. सव्वीस मार्चला सकाळी वर्षातली सगळ्यात मोठी भरती आहे. मिंगाला यावं."

"या वेळी स्वतः आलात?"

"हो."

"मागच्या खेपेला यादी आली होती. चाकराच्या हाती. एक ते छप्पन. माझा नंबर एकोणचाळीस."

"ती अक्षरांच्या क्रमाने होती," कप्तान म्हणाले.

"असेल." रेमोल्कोय यांनी जाळ्याची गाठ दातांनी ओढली. "कप्तानसाहेब, तुमच्या घरात एक मोठं टेबल आहे ना? त्यालाच सांगा घर ओढायला. तुमचं सगळ्यात जास्त त्याच्याशीच जमतं."

परतताना किनाऱ्याकडेने होडीत कप्तान वल्ही मारत होते. अर्ध्या वाटेवर थांबले. "टेबलाचं काय म्हणाला तो?"

मला माहीत नव्हतं. घरी पोचल्यावर त्यांनी तेच काकूंना विचारलं. काकू चुलीशी बसल्या होत्या. त्यांनी जळतं लाकूड आत सारलं.

"सतरा वर्षांपूर्वी," मग मला म्हणाल्या, "हे घर किनाऱ्यावरून थोडं वर घेतलं होतं. माझी आई शेवटच्या घटका मोजत होती, मी पिल्मोला. सगळं यांनी केलं. माणसं माझ्या नावावर आली. यांनी शिट्टी वाजवून घर ओढून घेतलं. दुपारपर्यंत काम फत्ते. जेवणही चांगलं घातलं. अख्खा बैल, दोन पिंपं सफरचंदाची दारू. आणि माणसं बाहेर जेवायला बसली तेव्हा हे आत गेले. दार लावलं. टेबलावर एकटे जेवले."

"जहाजावर कप्तान एकटाच जेवतो," कप्तान म्हणाले. "नेहमीच. माणसांना मोकळेपणी हसता यावं म्हणून. वरिष्ठ समोर असला की घास घशात अडकतो. मी त्यांच्यासाठी..."

"माहीत आहे मला. ती गप्प जेवली आणि निघून गेली. अर्धं मांस तसंच उरलं. त्यानंतर तुम्हाला कोणी एका तरी मिंगाला बोलावलं? बटाटे काढायला? छपराला?"

"मला वाटलं, वयाचा मान ठेवतात."

"तेव्हा तुम्ही सत्तावन्न वर्षांचे होतात."

कप्तान उभेच होते. टोपी हातात होती. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुम्ही वाईटपणाने केलं असतं तर भांडले असते." काकूंना खोकला आला. तो थांबल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमच्या आईने मला पहिल्या दिवशी शिवणाच्या खोलीत जेवायला वाढलं. आठवतं? त्याही म्हणाल्या होत्या, पोरीला मोकळं वाटेल. तुम्ही अख्ख्या बेटाला शिवणाच्या खोलीत बसवलंत."

मी घरी निघाले. कप्तानांनी मला पोचवायला येतो असं म्हटलं नाही. एरवी ते कधी विसरत नसत.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते माझ्या दारात होते. "बाई, तुमचा उतारा सुंदर आहे," ते म्हणाले. "पण तो परत घ्या. रविवार आहे, बरोबर याल?"

आम्ही पुन्हा रेमोल्कोय यांच्याकडे गेलो. कप्तान अंगणाच्या फाटकापाशी थांबले.

"त्या दिवशी मी आत जेवलो," ते म्हणाले. "चुकलो."

रेमोल्कोय यांनी वर पाहिलं. "सतरा वर्षं लागली?"

"कळायला एक रात्र लागली. त्याआधीची वर्षं फुकट गेली."

"हं. जहाजावर तसं करतात म्हणे."

"करतात."

"हे जहाज नाही."

"नाही." कप्तान थांबले. पुढचे शब्द त्यांनी ओझं उचलावं तसे उचलले. "एलेउतेरियो, माझ्या घराला हात लावा. रोसाल्बाला तिच्या माणसांत न्यायचंय. मला एकट्याला जमणार नाही."

मी खाली पाहत राहिले. संसदेत बसलेला माणूस असा बोलू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःला तरी कुठे ठाऊक होतं!

"बघू," रेमोल्कोय म्हणाले. "वारा कसा असेल त्यावर."

पुढच्या दहा दिवसांत ते तेवीस घरांत गेले. शाळा सुटल्यावर मीही जायचे. प्रत्येक दारात तेच सांगायचे. आधी चूक, मग विनवणी. काही ठिकाणी लोक लाजायचे. काही ठिकाणी मजा घ्यायचे.

विधवा ओर्तेन्सिया कोलिवोरो दारातूनच ओरडल्या, "दार बुटकं आहे, कप्तानसाहेब! आमच्याकडे वाकूनच यावं लागतं!"

ते वाकले. तरी डोकं आपटलं.

"बसा. हात पुढे करा." त्यांनी कप्तानांच्या दोन्ही हातांवर लोकरीची लड चढवली आणि गुंडा करायला घेतला. "माझ्याकडे बैल नाही, नवरा नाही. मला कशाला विचारता?"

"तुमच्याकडे बेटावरची सगळ्यात मोठी कढई आहे. आणि सगळ्यात मोठा आवाज."

ओर्तेन्सिया हसून हसून वाकल्या. "बाई, म्हातारा शिकतोय हो!" मग त्यांनी एक नाही, चार लडी काढल्या. पावणेदोन तास कप्तान हात पुढे करून बसले. निघताना खांदे खाली येत नव्हते. ओर्तेन्सियाही हो म्हणाल्या नाहीत. "वारा बघू," म्हणाल्या.

तेवीस घरं, तेवीस वारे.

पंचवीस तारखेला आम्ही काकूंचं सामान बाहेर काढलं. चूल काढली, खिडक्यांची तावदानं उतरवली. रिकाम्या घरात आवाज घुमत होता. काकू मधल्या खोलीत भिंतीला हात लावून उभ्या होत्या.

"कोणी नाही आलं तर?" मी हळूच कप्तानांना विचारलं.

"तर मी होआकीनला तार करेन," ते म्हणाले. "तिला बुडू देणार नाही. मग ती माझ्याशी बोलणार नाही. तेही मी सहन करेन."

सव्वीसला उजाडताना धुकं होतं. वारा अजिबात नव्हता. काकू शाल पांघरून खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर ती कोंबडी. कप्तान किनाऱ्यावर उभे होते. सहा वाजले. कोणी नाही. सव्वासहा. ते घड्याळ काढत, बघत, ठेवत. मला त्यांच्याकडे पाहवेना.

आधी जुवांची करकर ऐकू आली. मग बैलांचा श्वास. मग ओर्तेन्सिया, धुक्यातूनच. "अहो, कढईला कोणीतरी हात लावा! घर हलकं असेल, कढई नाही!"

रेमोल्कोय सगळ्यात पुढे होते. त्यांच्यामागे माणसं येतच राहिली. सहा जोड्या आल्या, सातवीही आली. मी साठपर्यंत मोजली आणि सोडून दिली.

"भरती दहा वाजून चाळीस..." कप्तानांनी सांगायला सुरुवात केली.

"भरती आम्हालाही कळते," रेमोल्कोय म्हणाले. "तुम्ही तो दोर धरा."

कप्तानांनी दोर धरला. दोन पोरसवदा मच्छीमारांच्या मधे ते उभे राहिले. घराखाली लांब ओंडके सरकवले होते. ओर्तेन्सिया किंचाळल्या, "ओढा रे!" आणि घर कण्हलं. मग सुटलं. छपरावरची लाकडी कौलं थरथरत होती. सारं बेट एका घरासाठी चिखलात घसरत होतं, पडत होतं, एकमेकांना शिव्या घालत होतं.

"कप्तानसाहेब, दोराला लोंबकळू नका, ओढा!"

"ओढतोय!"

"मग आम्हीच तुम्हाला ओढतोय वाटतं!"

दहापर्यंत घर पाण्याच्या कडेला आलं. चारी बाजूंना रिकामी पिंपं बांधली. पाणी चढत गेलं. मग ते लाकडी घर, दाराखिडक्यांसकट, हळूच जमिनीवरून उठलं. तीन मोटारबोटींनी दोर ताणले. मी, कप्तान आणि रेमोल्कोय पहिल्या बोटीत होतो.

मधल्या सामुद्रधुनीत पाणी दिसायला शांत असतं, पण खालून ओढतं. तिथे चुकीच्या वेळी शिरलेलं घर दगडांवर जातं. मागे एक गेलं होतं. रेमोल्कोय यांनी तोंडाशी बोटी थांबवल्या. पाण्याकडे पाहिलं. मग कप्तानांकडे.

"हे पाणी तुम्ही मोजलंय," ते म्हणाले. "आता?"

कप्तान खाली वाकले. पाण्यात लाकडाचा एक कपचा टाकला आणि तो कुठे जातो ते पाहू लागले. "अजून नाही."

सगळे थांबले. तीन बोटी, एक घर आणि किनाऱ्यावरून बघणारं बेट. घर किंचित डोलत होतं. मागच्या बोटीतून कोणी तरी ओरडलं, "म्हातारा झोपला का?" रेमोल्कोय यांनी मागे वळून हात दाखवला. आवाज बंद. दहा मिनिटं गेली. अकरा. कपचा हळू झाला. थांबला.

"आता," कप्तान म्हणाले.

घर सामुद्रधुनीतून पिल्मोला पोचलं. एक तावदानही फुटलं नाही. अर्थात तावदानं माझ्या शाळेत होती. मागोमाग काकूंसकट सगळं बेट होड्यांनी आलं.

पिल्मोच्या किनाऱ्यावर खड्डा खणून तापलेल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस आणि बटाटे मोठ्या पानांखाली शिजत होते. कप्तान वाढत होते. सगळ्यांना, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कपाळाला चिखल लागलेला. मग दुसरी फेरी सुरू केली.

"आता बसा हो," ओर्तेन्सिया म्हणाल्या. "वाढपी उभा असतो, घरधनी बसतो."

ते बसले. दोन ओंडक्यांच्या मधे, मुलांच्या शेजारी. मुलांशी काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं. शेजारच्याने त्यांच्या पुढ्यात शिंपल्यांचा ढीग ओतला आणि ते कसे फोडायचे ते दाखवलं, जणू काही त्यांनी आयुष्यात शिंपला पाहिला नव्हता. त्यांनी मुकाट्याने शिकून घेतलं. काकू खुर्चीत बसून हे पाहत होत्या. त्या दिवशी त्या खोकल्या नाहीत असं मी म्हणणार होते. खोकल्या. पण हसताना.

आठवड्याने मी तावदानं घेऊन पिल्मोला गेले. कप्तान एकेक बसवत होते. बाहेर बोट लागली. रेमोल्कोय आले, दारात उभे राहिले, टोपी काढली.

"शुक्रवारी बटाटे काढायचेत," ते म्हणाले. "माणसं कमी पडताहेत."

आतून काकू ओरडल्या, "चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत ते, एलेउतेरियो!"

"मग बारके बटाटे वेचतील."

कप्तानांच्या हातात तावदान होतं. त्यांनी ते जपून भिंतीला टेकवलं. त्यांचा चेहरा मला दिसला. असा चेहरा मी त्यांच्या घरातल्या कुठल्याच फोटोत पाहिला नव्हता, गणवेशातल्याही नाही, संसदेतल्याही नाही.

"बघू," ते म्हणाले. "वारा कसा असेल त्यावर."

शुक्रवारी पाऊस झोडपत होता. ते सगळ्यांच्या आधी आले. बटाट्यांसाठी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी आणि मुलंही होतो. कप्तान गुडघ्यांवर बसून चिखलात हात घालत होते. दहा वर्षांची मुलं त्यांच्या पुढे निघून गेली. त्यांना कोणी खुर्ची आणून दिली नाही. कोणी "राहू द्या साहेब" म्हणालं नाही. दुपारी सगळे ओळी संपवून चुलीकडे निघाले. त्यांची ओळ अर्धी बाकी होती.

"थांबा रे," रेमोल्कोय म्हणाले. "कप्तानाची ओळ राहिलीय. जेवायला सगळे बरोबर बसू."

मदतीला कोणी गेलं नाही. आम्ही बांधावर उभे राहिलो. जेवण निवत होतं, पाऊस मानेतून आत शिरत होता, मुलं भुकेने कुरकुरत होती. कप्तानांनी मान वर केली नाही. एकेक बटाटा काढत ते आमच्याकडे सरकत राहिले.